वरची कवळी

“दोन दिवस उशीर झाला तर कुणी मरत नाही,” माझी मुलगी म्हणाली आणि रुमालाची सुटलेली गाठ पुन्हा बांधून तिनं तो माझ्या कामाच्या टेबलावर सरकवला. रुमालात माझ्या वडिलांची वरची कवळी होती, तुटलेली. मी तेव्हा दुसऱ्याच कुणाच्या तरी कवळीचे दात मेणात बसवत होते. समोरचे दोन नीट बसले होते, सुळा उरला होता, आणि तिचं वाक्य ऐकल्यावर हातातली तापलेली सुरी मेणात जरा जास्त खोल गेली. एवढंच झालं. बाहेरून बघणाऱ्याला काही घडलंय असं वाटलंही नसतं. “रविवारी संध्याकाळी दे की त्यांना. नाहीतर सोमवारी. दातांशिवाय आजोबा दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत, तुला माहीत आहे.” मला माहीत आहे म्हणे! ती कवळी मी केलेली, ते तोंड माझ्या बापाचं, आणि ही कालची पोर मला सांगतेय की मला माहीत आहे. रविवारी मतदान होतं. हा आपला मुलूख वेगळा देश व्हावा की पलीकडच्यांच्या सोबत राहावा, एवढा एकच प्रश्न, आणि खाली दोन चौकटी: ‘वेगळं’ आणि ‘सोबत’. माझी मुलगी बावीस वर्षांची, छातीवर ‘वेगळं’चा बिल्ला, घसा बसलेला. माझे वडील ऐंशीच्या घरातले, पक्के ‘सोबत’. त्यांचं एक मत कमी करायला पोरीनं हा उपाय शोधला होता की म्हाताऱ्याला बोळकं ठेवायचं. मी “बघते” म्हणाले. ती जिना उतरून गेली, आणि त्या ‘बघते’चा मला इतका संताप आला की मी बसवलेले दोन्ही दात उपटून काढले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

‘बघते’ हा माझ्या पिढीचा शब्द. आम्ही बघतो. काय बघतो ते कुणी विचारत नाही. मागच्या आठवड्यात वर्तमानपत्रात एक रंगीत चित्र आलं होतं, कुठल्या वयाचे लोक काय म्हणतात त्याचं. तिशीच्या आतल्यांची पट्टी जवळजवळ सगळी हिरवी, साठीपुढच्यांची सगळी निळी, आणि मधे आमची, तिच्यात हिरवं थोडं, निळं थोडं आणि बाकी राखाडी. राखाडीच्या खाली लिहिलं होतं, ‘सांगता येत नाही’. त्या राखाडीत मी होते. फोनवर एका गोड आवाजाच्या मुलीनं विचारलं होतं, मी सांगता येत नाही म्हणाले होते, कारण बाबा शेजारच्या खुर्चीत होते आणि पोरगी स्वयंपाकघरात. सांगता येत नव्हतं असं नाही. सांगायला घरात जागा नव्हती. पोरगी ते चित्र बघून म्हणाली होती, “तुमच्या वयाच्या लोकांना पाठीचा कणाच नाही ग, आई.” आणि बाबा म्हणाले होते, “मधल्यांचं बरं असतं, जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो.” दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण मला नावं ठेवायची वेळ आली की आजा आणि नात एका ताटात जेवतात. मी भांडी पुसत राहिले. एक बशी पुसून कोरडी झाल्यावरही बराच वेळ पुसत होते, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

खरं भांडण बुधवारी झालं. जेवणाच्या टेबलावर, बाबा पाव दुधात न बुडवता मुद्दाम कडक चावत होते. त्यांना त्याचा अभिमान आहे, या वयात टोस्ट चावतो म्हणून. पोरगी म्हणाली, “आजोबा, एक विचारू? या देशात तुम्ही अजून किती वर्षं राहणार?” बाबा म्हणाले, “यम काही तारीख देऊन ठेवत नाही.” ती हसली नाही. “पाच? सात? आम्हाला साठ काढायचीत. मग आमचं तुम्ही का ठरवायचं? जायच्या माणसानं घराचं कुलूप बदलू नये.” बाबांनी पाव खाली ठेवला. “खारू,” ते म्हणाले. लहानपणी दिसेल ते कुरतडायची म्हणून ते तिला खारू म्हणतात, आणि रागावले तरी तेच म्हणतात. “खारू, मी तरणा असताना हेच सगळं ओरडत होतो. तुझ्यापेक्षा मोठ्यानं. चार पावसाळे जास्त पाहिलेत म्हणून सांगतो, दगडापेक्षा वीट मऊ.” “तुम्ही ओरडलात आणि मग गप्प बसलात,” ती म्हणाली. “म्हणून आता आम्हाला ओरडावं लागतंय. रविवारी तुम्ही ‘सोबत’वर शिक्का मारलात ना, तर मी पुन्हा कधी तुम्हाला आजोबा म्हणणार नाही.” मी तिच्यावर ओरडायला हवं होतं. मी “जेवा आता” एवढंच म्हणाले. बाबांनी पाव दुधात बुडवला.

खारू आणि तिच्या मैत्रिणींना वाटतं की बाबांचे दात त्या ओरडण्याच्या दिवसांत पलीकडच्यांच्या शिपायांनी बंदुकीच्या दस्त्यानं पाडले. आमच्या घरी पोरींचं टोळकं जमलं की एखादी भक्तिभावानं त्यांच्या तोंडाकडे बघत बसते. मला हसायला येतं आणि चीडही. दात हिरड्या सडून पडले, तंबाखूनं आणि हयगयीनं, पंचेचाळिसाव्या वर्षी, आणि मी तेव्हा नुकतीच हे काम शिकत होते म्हणून माझ्या हातची पहिली पूर्ण कवळी त्यांच्या तोंडात गेली. पण बाबांनी पोरींना कधी खरं सांगितलं नाही. ते बंदरावर क्रेन चालवायचे. पहिल्या वेळी, म्हणजे आता ज्याला सगळे ‘पहिली मागणी’ म्हणतात तेव्हा, क्रेनवाल्यांनी काम थांबवलं आणि त्या थांबवणाऱ्यांत बाबा पुढे होते. मी तिसरीत होते. आईच्या खांद्यावर बसून मी ते बघितलं होतं. सगळ्या क्रेन माना वर करून उभ्या, एकही हलत नाही, आणि एकीच्या टोकाला बाबा, हात हलवताहेत. आई मोठ्यानं हसत होती. तिचं हसणं मला मांड्यांना कळत होतं, तिचे खांदे हलायचे म्हणून. त्यानंतर काही दिवसांनी बाबांनी आणि इतरांनी काम पुन्हा सुरू करू म्हणून सांगितलं, पण तोवर पलीकडच्यांनी ठरवलं होतं की आता बंदर आम्हीच बंद ठेवणार, बघू किती दिवस वेगळेपणा खाता. जहाजं बाहेर नांगर टाकून उभी. घराच्या गच्चीवरून दिसायची. त्यातल्या एकात आईचं औषध होतं. कुठल्या जहाजात ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण मी रोज गच्चीवर जाऊन एक जहाज निवडायचे आणि ठरवायचे की याच्यात आहे. आई हिवाळा संपायच्या आत गेली. बंदर नंतर उघडलं, शिपाई कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहिले, बाबा पुन्हा क्रेनवर चढले, आणि घरात या विषयावर एक शब्दही बोलायचा नाही असा नियम झाला. कुणी केला नव्हता, तो आपोआप झाला. आमची अख्खी पिढी त्या नियमात वाढली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शाळेत, ट्राममध्ये, लग्नात, कुठेही दोन माणसं बोलता बोलता थांबायची आणि हवापाण्यावर यायची. खारूला तिची आजी ‘आजारानं गेली’ एवढंच माहीत आहे. खोटं नाही ते.

म्हणजे बाबा ‘सोबत’ का म्हणतात ते मला पक्कं ठाऊक आहे. त्यांना वाटतं, क्रेन मी थांबवली म्हणून ती गेली. आणि मी ‘वेगळं’ देणार आहे, हे कुणालाच ठाऊक नाही, ते का, तर बंदर पलीकडच्यांनी बंद ठेवलं म्हणून. आठ वर्षांच्या मुलीच्या आईचं औषध डोळ्यांसमोर समुद्रात तरंगत ठेवणाऱ्यांच्या सोबत मी कशी राहू? एकाच बाईच्या मरणाची दोन उत्तरं घेऊन आम्ही बापलेक चाळीस-पंचेचाळीस वर्षं एका छपराखाली राहिलो, एकाच पातेल्यातलं जेवलो. माझा नवरा कामासाठी पलीकडे गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हाही बाबा एवढंच म्हणाले, “जाऊ दे, एक ताट कमी.” पुढे काही नाही. मी हा विषय काढायला तोंड उघडलं की ते रेडिओ लावायचे. आणि आता खारू मला म्हणते तुम्हाला कणा नाही.

खारू देऊन गेली त्या दिवशी मी रुमाल सोडला तो जेवणाच्या सुट्टीनंतर. आमची कामाची जागा तिसऱ्या मजल्यावर, दोन खिडक्या, त्यांच्या काचांवर आतून प्लास्टरची पांढरी भुकटी कायमची बसलेली, भिंतीवर फळ्या आणि फळ्यांवर जबड्यांचे साचे, ओळीनं, प्रत्येकावर पेन्सिलीनं खूण. शहरातले निम्मे म्हातारे आमच्या भिंतीवर तोंड उघडून बसलेत असं आमचा पॉलिशवाला म्हणतो. तो मशीनवरचा चाळिशीतला एक वाह्यात माणूस, दिवसभर गाणी म्हणतो. रुमाल बघून तो म्हणाला, “बाई, एक कवळी आणि घरात तीन पक्ष! कुठल्या बाजूनं चावायचं ते तरी ठरवा.” मी त्याच्याकडे बघितलं तसा तो आपल्या ब्रशाकडे वळला. तुकडे तीन होते. मी ते हातात घेतले, नेहमीसारखे आधी कडेनं जुळवायला गेले, आणि जुळवता जुळवता माझी बोटं थांबली. बाबांनी खारूला सांगितलं होतं की धुताना बेसिनमध्ये पडली. बेसिनमध्ये पडलेली कवळी मी आयुष्यात शेकड्यानं जोडली असेल. ती मधोमध चिरते, नाहीतर समोरचा एखादा दात टवका उडून जातो. ही टाळूच्या मागच्या बाजूनं चुरडली होती. आणि गुलाबी भागावर, दोन्ही अंगांना, बारीक समांतर खाचा होत्या. पकडीच्या. बाबांच्या त्या जुन्या, बंदरावरून आणलेल्या पकडीच्या, जिनं आम्ही घरात नळ आवळतो. टाळूचा नखाएवढा एक तुकडा रुमालात नव्हताच. तो त्यांनी फेकला होता. तुकडा नसला की जोडता येत नाही, नवी करावी लागते, माप घ्या, मेणात बसवून बघा, आठवडा जातो, हे त्यांना माझ्याकडूनच माहीत होतं.

मी स्टुलावर बसले. पॉलिशच्या मशीनचा आवाज कानात घुसत होता. मला आधी कळेना की मला नक्की कशाचा राग आलाय, मग एकदम कळलं आणि कानशिलं तापली. म्हातारा पळत होता. नात म्हणाली आजोबा म्हणणार नाही. ‘सोबत’ द्यावं तर नात जाते, ‘वेगळं’ द्यावं तर बायकोशी बेइमानी होते. मग काय, दातच मोडून टाकायचे. दात नाहीत तर बाहेर जाता येत नाही, बाहेर जाता येत नाही तर मत नाही, आणि कुणाला काही बोलायलाही नको. बिचारे आजोबा. आणि दोष कुणाचा? माझा. मी कवळी वेळेत केली नाही. नातीला मी उशीर करायला हवा आहे, बापाला मी उशीर करायला हवा आहे, एक उघड मागतेय, दुसरा न मागता रुमालात गाठ मारून पाठवतोय, आणि दोघांपैकी एकालाही माझ्या मताचा प्रश्न पडलेला नाही. त्यांच्या भांडणातली गादी मी. पडायचं त्यानं माझ्यावर पडावं, म्हणजे लागत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं कुणाला! मी मोठ्यानं काहीतरी बोलले असणार, कारण पॉलिशवाल्यानं मशीन बंद केली. “काय झालं, बाई?” “काही नाही. तू तुझं काम कर.” “मी करतोच आहे,” तो म्हणाला, “तुम्हीच थांबलात.”

बाबा एक गोष्ट विसरले होते. किंवा त्यांना ती कधी सुचलीच नव्हती. मी गिऱ्हाइकांचे साचे सात-आठ वर्षांनी फोडून टाकते, जागा लागते म्हणून. त्यांचा टाकला नव्हता. सगळ्यात वरच्या फळीवर, मागे, त्यांच्या वरच्या जबड्याचा साचा होता, ही कवळी ज्याच्यावर केली तो. मी स्टुलावर चढून तो काढला, फुंकर मारली, तर डोळ्यांत भुकटी गेली. शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर मी कामाला बसले. तिन्ही तुकडे साच्यावर ठेवले, मेणानं धरले, चुरडलेल्या कडा घासून साफ केल्या, गेलेल्या तुकड्याच्या जागी गुलाबी पावडर टाकून वर थेंब थेंब द्रव सोडला. त्या द्रवाचा वास नाकात झोंबतो, डोकं दुखतं, पण मला तो लहानपणच्या कुठल्याही वासापेक्षा जवळचा आहे, कारण तो माझा मी निवडलेला आहे. गरम पाण्याच्या दाबाच्या भांड्यात कवळी शिजत असताना मी खिडकीतून बघत होते. खाली रस्त्यावरून खारूच्या वयाची पोरं हिरवे कागद वाटत चालली होती आणि समोरच्या बाकावर तीन म्हातारे एकही कागद न घेता बसले होते, हात मांडीखाली दाबून. एका पोरानं एका म्हाताऱ्याच्या टोपीवर कागद ठेवला. म्हाताऱ्यानं तो काढला, चुरगाळला नाही, नीट घडी घालून बाकावर ठेवला. पोरं हसली. मला खिडकी उघडून दोन्हीकडच्यांना शिव्या घालाव्याशा वाटल्या. भांड्याची शिटी झाली म्हणून मी वळले. कवळी चांगली झाली होती. फक्त एक मला ठाऊक होतं. साचा जुना, आणि माणसाच्या हिरड्या वर्षागणिक झिजतात. ती थोडी हलणार होती आणि एका जागी टोचणार होती. टोचू दे म्हटलं.

रविवारी सकाळी मी ती पाण्याच्या वाटीत घालून टेबलावर त्यांच्यासमोर ठेवली. खारू बूट घालत होती. तिनं वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “आई, तू पण ना…” “मी पण काय?” मी म्हणाले. “बोल. मी पण काय?” “एक गोष्ट मागितली होती तुझ्याकडे. एकच.” “तू मला माझं काम वाईट करायला सांगितलंस. आणि एका माणसाचं तोंड बंद ठेवायला सांगितलंस. ते तुला शोभतं का, हे तुझ्या बिल्ल्याला विचार.” माझा आवाज इतका चढला होता की वरच्या मजल्यावरचं कुणीतरी खुर्ची सरकवायचं थांबलं. ती तशीच निघाली. जाताना दार असं आपटलं की वाटीतलं पाणी हललं. बाबा त्या पाण्याकडे बघत बसले होते. ओठ आत गेलेले, हनुवटी वर आलेली. “तुकडा नव्हता,” ते म्हणाले. दात नसताना त्यांचे शब्द मऊ होतात. “नव्हता,” मी म्हणाले. “नवा केला. घाला.” त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं की मला कळलंय. मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा रेडिओ लावतील. त्यांनी कवळी उचलली, झटकली, आत बसवली, जीभ फिरवली. “टोचतंय.” “टोचणारच.” “उद्या घासून दे.” “उद्या देते. आज अशीच घालून चला.” “कुठं?” ते म्हणाले, आणि त्या एका शब्दाला माझं डोकं सणकलं. “कुठं ते तुम्हाला माहीत आहे, बाबा. काय द्यायचं ते द्या. देऊ नका वाटलं तर तिथपर्यंत येऊन, सगळ्यांसमोर, परत फिरा. पण माझ्या हातच्या कामाच्या आड लपायचं नाही. आयुष्यभर मी तुमचा दोघांचा आडोसा आहे. आता बास.” ते उठले. कोट शोधायला त्यांना वेळ लागला. मी मदत केली नाही.

मतदान शाळेत होतं. रांग फाटकाबाहेर आली होती, आणि तिच्यात कोण कुठलं ते वयावरूनच कळत होतं. म्हातारे सावलीच्या बाजूनं, पोरं उन्हात. रस्त्यापलीकडे, ठरवून दिलेल्या अंतरावर, खारू तिच्या टोळक्यात उभी होती. तिनं आम्हाला बघितलं आणि पाठ केली. बाबांनी अंगठ्यानं वरचा ओठ दाबून धरला होता. रांग पुढे सरकत नव्हती. ते समोर बघतच म्हणाले, “तू काय देणार?”

 घरच्या माणसाकडून हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला जात होता, बावन्नाव्या वर्षी, एका शाळेच्या फाटकापाशी, मागे अनोळखी माणसं उभी असताना. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. “वेगळं,” मी म्हणाले. जरा मोठ्यानंच. पुढची बाई वळून बघायला लागली.

“मला वाटलंच,” बाबा म्हणाले. “आईमुळे?”

“हो.”

“माझंही तिच्यामुळेच.” कवळी हलत होती, त्यांनी ती जिभेनं वर ढकलली. “म्हणजे आपलं दोघांचं वजा झालं. घरी बसलो असतो तरी चाललं असतं.”

“नसतं चाललं.”

“उरलं खारूचं एकटीचं. तसंही तेच बरं.”

“तेच बरं असेल तर ते तिला तोंडानं सांगा,” मी म्हणाले. “आई कशानं गेली ते सांगा. तुम्ही काय देणार ते सांगा. पकडीनं कसले दात मोडता! एवढं वय झालं, अजून आमच्याशी बोलायला तुमची जीभ उचलत नाही?” आता दोन्ही बाजूंचे लोक बघत होते, आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं.

बाबांनी ओठावरचा अंगठा काढला. रांगेतून बाहेर पडले आणि रस्ता ओलांडून गेले. मला एकदम भीती वाटली की ते असेच घरी जातील. ते पोरींच्या टोळक्यापाशी थांबले. पोरी बाजूला झाल्या. मला इथून शब्द ऐकू येत नव्हते, बाबांचा हात तेवढा दिसत होता, एकदा बंदराच्या दिशेनं वर गेलेला, आणि खारूचा चेहरा. तिनं मधेच तोंड उघडलं, ते बोलतच राहिले. मग ती बोलली, थोडंच, मान ताठ ठेवून. बाबा परत आले तेव्हा मी त्यांची जागा धरून ठेवली होती, मागच्या माणसाच्या कुरकुरीला न जुमानता. त्यांच्या हिरडीतून थोडं रक्त आलं होतं, ते त्यांनी रुमालाला पुसलं.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, कधीच माफ करणार नाही.”

“तुम्हाला?”

“मला. तुला पण. तिला आजवर कुणी सांगितलं नाही म्हणून.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, नको करूस. पण संध्याकाळी घरी ये, तिथं येऊन नको करूस.”

रांग पुढे सरकली. मी त्यांना हात द्यायला गेले तर त्यांनी तो बाजूला सारला आणि माझ्या आधी आत गेले.